‘पिशवी’ म्हणाले आणि अंडाशयंही काढली

आमच्या देवगडकडे बायका गर्भाशय काढायच्या ऑपरेशनला ‘पिशवी काढली’ एवढंच म्हणतात. मीही तेच म्हणत होते. तीन वर्षांपूर्वी, त्रेचाळिसाव्या वर्षी, माझी पिशवी काढली. त्या एका शब्दाच्या आड पोटातून आणखी काय गेलं, हे कळायला अकरा महिने लागले.

त्याआधी वर्षभर अंगावरून फार जात होतं. पाळी आठ-नऊ दिवस चालायची, गाठी पडायच्या. बागेची घाटी चढताना धाप लागायची. आंब्याचा हंगाम संपेपर्यंत मी ते अंगावर काढलं. जुलैत वाडीत फुकट सोनोग्राफीचं शिबिर लागलं. हॉस्पिटलची गाडी दाराशी येऊन घेऊन जायची, परत आणून सोडायची. बायका गोळा करणारी बाई ओळखीचीच होती. प्रत्येक ऑपरेशनमागे तिला पैसे मिळत होते, हे पुढे तिनेच सांगितलं.

डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे फिरवला. “ही बघा गाठ. उद्या कॅन्सर झाला तर? दोन मुलं झालीत ना, आता त्या पिशवीचा उपयोग काय?” मी गप्प राहिले, तसे म्हणाले, “गणपतीच्या आधी उरकून घ्या, म्हणजे सणात अडचण नको.” मी फसले ते या वाक्याला. चतुर्थीत पाळी येऊ नये म्हणून दरवर्षी गोळ्या घेणाऱ्या आम्ही बायका. ‘कायमची कटकट जाईल’ हे ऐकल्यावर दुसरं काही विचारायचं सुचलंच नाही. घरी सासूबाईही म्हणाल्या, “काढून टाक गो, सुटतलंस.” त्यांचा यात काही दोष नाही. त्यांनाही कुणी कधी काही सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. फॉर्म इंग्रजीत होता. ह्यांनी बाहेर बाकावर बसून सही केली. माझी सही घेतली तेव्हा मी टेबलावर होते, हाताला सलाईन लागलेलं होतं. सत्तर हजार रुपये लागले. आंब्याचे पैसे पुरले नाहीत म्हणून पाटल्या गहाण टाकल्या.

दोन महिन्यांत अंगातून वाफा निघायला लागल्या. थंडीतही रात्री उठून पदराने वारा घ्यायचे. झोप गेली, गुडघे दुखायला लागले, उगीचच रडू यायचं. त्याच हॉस्पिटलात गेले तर “अशक्तपणा आहे” म्हणून टॉनिक लिहून दिलं. शेवटी भाऊ मला गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी डिस्चार्ज कार्ड वाचलं आणि विचारलं, “अंडाशयं काढलीत हे माहीत आहे ना?” मला माहीत नव्हतं. त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं. मधे गर्भाशय, खाली त्याचं तोंड, दोन्ही बाजूंना नळ्या, नळ्यांजवळ दोन अंडाशयं. कार्डावर लिहिलं होतं ‘टीएएच विथ बीएसओ’. टीएएच म्हणजे पोट उघडून गर्भाशय तोंडासकट काढणं. बीएसओ म्हणजे दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयं काढणं. चित्रातली एकेक गोष्ट त्यांनी खोडली. मागे काही उरलं नाही. मी त्या कागदाकडे बघत बसले.

अंडाशयं फक्त मूल होण्यापुरती नसतात. तिथून येणारी संप्रेरकं हाडं सांभाळतात, हृदयालाही त्यांचा आधार असतो. पाळी आपोआप जाते तेव्हा ती हळूहळू कमी होतात. माझी एका दिवसात बंद झाली. आता संप्रेरकाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत.

मग त्यांनी जुनी सोनोग्राफी पाहिली. गाठ 2 सेंटीमीटरची, गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला. अशा गाठीने सहसा एवढं रक्त जात नाही, आणि फायब्रॉईडचा, म्हणजे अशा साध्या गाठीचा, कॅन्सर होणं अतिशय दुर्मीळ, असं त्या म्हणाल्या. थायरॉईडची साधी रक्ततपासणी माझी कुणी केलीच नव्हती. ती केली, थायरॉईड कमी निघालं. थायरॉईड कमी असलं तरी अंगावरून जास्त जाऊ शकतं. माझं त्यामुळेच जात होतं की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

उपाय किती होते! रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या. संप्रेरकाच्या गोळ्या. तांबीसारखं दिसणारं, पण आतून संप्रेरक सोडणारं साधन, जे गर्भाशयात बसवतात आणि काही वर्षं टिकतं. दुर्बिणीतून गर्भाशयाच्या आतला कोंब (पॉलिप) काढणं. नुसती गाठ काढून गर्भाशय ठेवणं. गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं. गर्भाशय काढायचंच ठरलं तरी अंडाशयं ठेवता येतात. कॅन्सरची शंका असेल तर आधी आतल्या अस्तराचा तुकडा तपासतात. कॅन्सर असेल, अंग बाहेर आलं असेल किंवा दुसऱ्या कशानेच रक्त थांबत नसेल, तर ऑपरेशन लागतं, ते मी नाकारत नाही. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा लाल गेलं तर एक दिवसही घरी बसू नका. पण मला यातला एकही उपाय कुणी सांगितला नाही.

बिलात ‘बायोप्सी’चे पैसे लावले होते, रिपोर्ट मात्र नव्हता. मागायला गेले तर “कॉम्प्युटर बंद आहे” म्हणाले. पेशंटने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात, असा मेडिकल कौन्सिलचा 2002 चा नियम आहे. तसा लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा फाईल मिळाली. बायोप्सीचा रिपोर्ट तिच्यातही नाही.

फाईलमधल्या फॉर्मवर ‘बीएसओ’ वेगळ्या शाईने, नंतर लिहिल्यासारखं दिसतं. सुप्रीम कोर्टाने 2008 साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सांगितलंय की स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या सज्ञान बाईच्या शरीराबद्दलची संमती तिचीच लागते. तिथे तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशयं आईच्या संमतीवर काढली होती. माझ्याबाबतीत बाहेर बाकावर ह्यांची सही घेतली. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, तेव्हा तो आपल्या कोकणाचा नाही असं मला वाटलं होतं. 2023 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना विनाकारण गर्भाशय काढणं रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. मी त्या मुदतीत तक्रार दाखल केली. तारखा चालू आहेत.

यंदा जुलैत तीच गाडी पुन्हा वाडीत आली. माझ्या धाकट्या जावेलाही तेच सांगितलं, गणपतीच्या आधी उरका म्हणून. ती फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघी बांबोळीला गेलो. मी केसपेपर पालथा करून डॉक्टर मॅडमच्या पुढे ठेवला आणि म्हटलं, हिलाही ते चित्र काढून दाखवा. तिने एकेका अवयवावर बोट ठेवून विचारलं, हे काढणार का, कशासाठी, नाही काढलं तर काय होईल. ऑपरेशन झालं नाही. गोळ्या चालू आहेत. गौरीच्या दिवशी तिला पाळी आली, चार दिवसांत थांबली.