बिलात चौदा रोट्या होत्या, आम्ही अकरा खाल्ल्या

सासूबाईंचा वाढदिवस ऑक्टोबरात असतो. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, त्या दिवशी आम्ही घरचे सहा जण लातुरातल्या एका एसी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो. बिल आलं २,१२५ रुपयांचं. ह्यांनी क्यूआर स्कॅन करून पैसे दिले आणि बडीशेप चघळत आम्ही बाहेर पडलो. बिलाचा कागद मी सवयीनं पर्समध्ये ठेवला. तो तिथेच टेबलावर राहिला असता तर पुढचं काहीच कळलं नसतं, म्हणून आधीच सांगते, बिल घरी आणत जा.

दुसऱ्या दिवशी माझा भाचा आला. तो एका कर सल्लागाराकडे काम करतो. कागद त्याच्या हाती लागला आणि त्यानं विचारलं, "मावशी, हे 'स्टाफ कॉन्ट्रिब्युशन' तुम्ही स्वतःहून दिलंत का?" मी तर तो शब्दच वाचला नव्हता. जेवणाचे १,८४०, त्यावर दहा टक्के म्हणजे १८४ स्टाफ कॉन्ट्रिब्युशन, आणि या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी, १०१ रुपये.

तो म्हणाला, हा सर्व्हिस चार्जच आहे, फक्त नाव बदललंय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात जोडायचा नाही आणि दुसऱ्या नावानंही घ्यायचा नाही. द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकानं ठरवायचं. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या, पण दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी हे नियम कायम ठेवले.

मग त्यानं बिलावरचा पंधरा अंकी जीएसटी नंबर फोनवर टाकला. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर 'सर्च टॅक्सपेअर' म्हणून सोय आहे. लॉगिन लागत नाही, कुणालाही बघता येतं. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, आणि या बिलावरचाही २७ नेच सुरू होत होता. खरा नंबर होता, चालूही होता. पण प्रकारासमोर लिहिलं होतं 'कॉम्पोझिशन'.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण ही गोष्ट मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळली आणि माझ्या शाळेतल्या एकाही सहकाऱ्याला माहीत नव्हती. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर रेस्टॉरंटला कॉम्पोझिशन योजना घेता येते. त्यात मालक आपल्या उलाढालीवर सरळ पाच टक्के कर स्वतःच्या खिशातून भरतो, हिशेबाची कटकट कमी होते. त्या बदल्यात एक अट आहे, गिऱ्हाइकाकडून जीएसटी म्हणून एक रुपयाही घ्यायचा नाही. दुकानात दिसेल अशा जागी 'कॉम्पोझिशन टॅक्सेबल पर्सन' असा फलक लावायचा आणि बिलावरही तसं छापायचं. म्हणजे आमच्याकडून कर म्हणून जे १०१ रुपये गेले, ते घ्यायचा त्या माणसाला अधिकारच नव्हता. त्या हॉलमध्ये रविवारी रात्री किती टेबलं भरतात ते मी डोळ्यांनी बघते. प्रत्येक टेबलाकडून असे पैसे जात असतील, या विचारानं मला त्या रात्री झोप आली नाही.

रोट्यांचं सासूबाईंनी पकडलं. त्या भाकरी खातात, रोटीला हात लावत नाहीत. उरलेले आम्ही पाच जण. दोनदा पाच-पाच रोट्या आल्या आणि धाकट्यानं शेवटी एक मागवली. अकरा झाल्या. बिलात चौदा होत्या, तीस रुपयांची एक. सगळं मिळून आमचे ३७५ रुपये जास्त गेले होते.

संध्याकाळी मी एकटीच बिल घेऊन गेले. मालक गल्ल्यावरच होते. आधी म्हणाले, "ताई, एवढ्याशा पैशावरून कशाला वाद घालायलाव?" मी आवाज चढवला नाही. फोनवर त्यांच्याच नंबराचं पान उघडून समोर धरलं. शेजारी दोन कुटुंबं बिल द्यायला उभी होती, ती वाकून बघायला लागली. जीएसटीचे आणि रोट्यांचे पैसे मालकांनी गल्ल्यातून काढून दिले. स्टाफचे १८४ मात्र "पोरांना वाटून टाकले" म्हणून दिले नाहीत. त्यासाठी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बिलाच्या फोटोसह तक्रार नोंदवली. अठराव्या दिवशी तेही खात्यात आले. पोरांना बक्षिशी आम्ही नेहमी देतो, हातात देतो. त्यांच्या नावानं घेतलेला पैसा त्यांच्यापर्यंत जातो की नाही हे वाढणाऱ्या मुलाला हळूच विचारून बघा. आमच्या टेबलावरचा मुलगा मान खाली घालून निघून गेला होता.

एका बाबतीत मात्र मी स्वतः चुकले होते, तेही सांगते. पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले म्हणून मी तिथे भांडले. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये निकाल दिलाय की बसवून सेवा देणाऱ्या हॉटेलला बाटलीबंद पाण्याचे एमआरपीपेक्षा जास्त पैसे लावता येतात. त्या मुद्द्यावर भांडू नका. साधं पाणी मागा.

डिसेंबरात मुलांना वेरूळ दाखवायला संभाजीनगरला निघालो. वाटेत बीडच्या पुढे हायवेवरच्या एका धाब्यावर एक किलो मटणाची हंडी सांगितली, मटण किलोवर आणि करण्याचे पैसे वेगळे. हंडी आली ती रश्श्यानं भरलेली, पण फोडी मोजक्या आणि हाडंच जास्त. शिजल्यावर मटण आटतं हे घरी करणाऱ्या बाईला सांगायला नको, पण एका किलोचं एवढंसं होत नाही. वजन आत झालं होतं, आम्ही बघितलंच नव्हतं, त्यामुळे फसवलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शेजारच्या टेबलावरचे एक काका ऑर्डर देऊन सरळ आत गेले, काट्यावर शून्य आहे का बघितलं, वजन होईपर्यंत तिथेच उभे राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ताई, काटा डोळ्यांसमोर पाहिजे. शिजल्यावर काय मोजणार?"

पण सगळ्यात मोठा फटका पुढे बसायचा होता. हॉटेलची खोली ह्यांनी आठ दिवस आधीच बुक केली होती. फोनवरच्या नकाशात हॉटेलच्या नावाखाली जो नंबर दिसला, त्यावर फोन केला. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलला. त्यानं व्हॉट्सॲपवर खोल्यांचे फोटो पाठवले, दोन खोल्या, दोन रात्री, ७,२०० रुपये, निम्मे आधी. ह्यांनी ३,६०० पाठवले. पैसे पाठवताना वर हॉटेलचं नाव न येता कुणा एका माणसाचं नाव आलं होतं. ते ह्यांना दिसलं होतं, मॅनेजर असेल असं वाटलं. अर्ध्या तासानं पुन्हा फोन, "सिस्टिममध्ये रक्कम जुळत नाही, पूर्ण ७,२०० एकदम टाका, आधीचे लगेच परत येतील." तिथे मी ह्यांचा हात धरला.

हॉटेलवर पोचलो तर आमच्या नावानं काहीच नव्हतं. नकाशावरचा नंबर बाहेरचं कुणीही बदलून टाकू शकतं, हे तिथल्या मॅनेजरनंच सांगितलं. त्या महिन्यात अशी आणखी चार-पाच कुटुंबं येऊन गेली होती, असंही म्हणाले. मग दारावर एक कागद तरी का नाही चिकटवला? यावर ते गप्प बसले. त्यांनी आमचे पैसे घेतले नाहीत हे खरं, पण त्यांचं नाव वापरून रोज लोक लुटले जात असताना गप्प राहणं मला मान्य नाही.

रात्र झाली होती, मुलं पेंगुळली होती. तिथेच २,६०० रुपयांच्या दोन खोल्या घेतल्या. दोन रात्रींचे १०,४००, आणि वर बारा टक्के जीएसटी, १,२४८. या वेळी मी बिल वाचलं. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के झालाय. डिसेंबर चालू होता. "सॉफ्टवेअर अपडेट झालं नाही, मॅडम," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. मी म्हटलं, मग हातानं लिहा. त्यानं ५२० रुपये कर लावून नवं बिल दिलं. तीन महिने त्या सॉफ्टवेअरनं किती जणांकडून जास्तीचे पैसे घेतले असतील, ते त्यालाही सांगता आलं नाही.

३,६०० रुपयांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच रात्री फोन केला. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पैसे कधी गेले?" आठ दिवस झाले म्हटल्यावर त्या क्षणभर थांबल्या. तासाभरात कळवलं असतं तर पैसे खात्यातच अडवता आले असते, असं त्या म्हणाल्या. तक्रार नोंदली गेली आहे. ते खातं गोठवलंय असं कळलं, पण त्यात शिल्लक काही नाही.