पॅकर्स-मूव्हर्सची फसवणूक: वाकड ते गुरुग्राम

पुण्यातल्या वाकडहून गुरुग्रामला बदली झालेलं एक कुटुंब. दोन बेडरूमचं घर, सोबत एक हॅचबॅक, अंतर साधारण साडेचौदाशे किलोमीटर. व्हॉट्सअॅपवर आलेलं कोटेशन गाडीसकट ४६,००० रुपयांचं. प्रत्यक्षात भरावे लागले ८०,५००. सामान अकरा दिवस कुठल्याशा गोडाऊनमध्ये अडकून पडलं आणि विम्याच्या नावाखाली घेतलेल्या पैशांची पॉलिसी कधी निघालीच नव्हती. कंपनीचं नाव इथे देत नाही. अशी मंडळी पाटी वरचेवर बदलतात, पद्धत मात्र तीच ठेवतात, म्हणून पद्धत समजून घेणं जास्त उपयोगाचं.

सुरुवात होते चौकशीच्या फॉर्मपासून. वेबसाइटवर नाव-नंबर टाकला की काही मिनिटांत पाच-सहा फोन येतात, कारण तुमचा नंबर ‘लीड’ (संभाव्य गिऱ्हाईक) म्हणून एकाच वेळी अनेकांना विकला जातो. फोन करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे स्वतःचा एकही ट्रक नसतो. ते सर्वांत कमी भाव सांगून काम पकडतात आणि पुढे दुसऱ्याला देतात. नाव बहुतेक वेळा एखाद्या जुन्या, नामांकित कंपनीसारखंच असतं, एखादं अक्षर किंवा मागचं-पुढचं एखादं विशेषण बदललेलं. आपण वाचतो ते रिव्ह्यू भलत्याच कंपनीचे असतात.

या टप्प्यावर जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटी पोर्टलवर टाकून पाहा. नोंदणी चालू आहे की रद्द, कधीची आहे, मूळ नाव काय, पत्ता कुठला, सगळं लॉगिन न करता दिसतं. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, हरियाणा ०६, दिल्ली ०७, कर्नाटक २९. पुढची दहा अक्षरं पॅनची. त्यामुळे जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर पाहिलं की धंदा कोणाचा ते कळतं: कंपनी असेल तर ‘सी’, भागीदारी असेल तर ‘एफ’, एकट्या माणसाचा असेल तर ‘पी’. लेटरहेडवर प्रायव्हेट लिमिटेड आणि सहावं अक्षर ‘पी’, असं दिसलं तर तिथेच थांबा. या कुटुंबाला दिलेला क्रमांक तीन महिन्यांपूर्वीचा होता आणि कोटेशनवर ‘२० वर्षांचा अनुभव’ छापलेलं होतं. ‘आयबीए अप्रूव्ह्ड’ या शिक्क्याचंही तसंच. इंडियन बँक्स असोसिएशन वाहतूकदारांची यादी ठेवते. शिक्का कोणीही छापू शकतो, यादीत नाव आहे का ते पाहावं लागतं.

आता कोटेशन. फसवणुकीचा खरा पाया इथे घातला जातो. घर पाहायला कोणी आलं नाही, फोनवरच ‘टू बीएचके ना? होऊन जाईल’ असं सांगून आकडा दिला. सामानाची यादी नाही, घनफूट नाही, वजन नाही, ट्रक कोणता तेही नाही. ज्या कोटेशनमध्ये मोजमापच नाही, ते पुढे किती वाढलं हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

मोजमाप स्वतः करता येतं. लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्या आणि गुणा. साडेसहा फुटी लोखंडी कपाट साधारण ३० घनफूट भरतं, मोठा डबल डोअर फ्रिज ३५ च्या आसपास, १८ इंची चौकोनी खोका साडेतीनच्या आत. चाळीस खोके म्हणजे १३५ घनफूट. बेड, सोफा, गाद्या, वॉशिंग मशीन धरून भरलेलं दोन बेडरूमचं घर साधारण ४५० ते ६०० घनफुटांत बसतं. १४ फुटी आयशर ट्रकची आतली जागा ५०० घनफुटांच्या आसपास असते. म्हणजे असं घर त्या गाडीत जेमतेम बसेल किंवा १७ फुटी लागेल. हे गणित तुमच्याकडे आहे असं दिसलं की बोलण्याचा सूरच बदलतो. यादी व्हिडिओ कॉलवर किंवा घरी येऊन करून घ्या, माळा आणि बाल्कनीतल्या वस्तूंसकट. खाली एकूण घनफूट, ट्रकची लांबी, आणि गाडी फक्त तुमची की इतरांच्या सामानासोबत, हे लिहून घ्या.

काही जादा खर्च खरे असतात, तेही सांगायला हवेत. लिफ्ट नसलेले मजले, सोसायटीत मोठा कंटेनर न शिरल्यामुळे लागणारा छोटा टेम्पो, दिल्लीत जायचं असेल तर मालवाहू गाड्यांच्या प्रवेशाच्या वेळा आणि तिथला पर्यावरण भरपाई आकार. प्रामाणिक वाहतूकदार हे आधीच लिहून देतो. न लिहिलेला खर्च दारात आल्यावर मागितला जातो.

पॅकिंगच्या दिवशी माणसं सकाळी दहाऐवजी दुपारी तीनला आली. हा उशीर बऱ्याचदा मुद्दाम असतो. संध्याकाळ होते, घराच्या चाव्या द्यायच्या असतात, रात्रीचं विमान असतं, आणि मग कागद वाचायला कोणालाच वेळ राहत नाही. सामान एका पिकअपमध्ये भरलं, ३०,००० रुपये घेतले आणि एक बिल्टी, म्हणजे वाहतुकीसाठी माल ताब्यात घेतल्याची पावती, हातात दिली. बिल्टीवर वस्तूंच्या रकान्यात ‘घरगुती सामान, १ लॉट’. गाडी क्रमांकाची जागा कोरी. किंमत कोरी. तळाशी बारीक अक्षरांत ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे नुकसान झालं तर मालकाचं.

या कागदावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. बिल्टीवर खोक्यांची क्रमांकासह यादी हवी, टीव्ही-फ्रिज यांचे सिरीयल नंबर हवेत, गाडीचा क्रमांक, निघण्याची आणि पोहोचण्याची तारीख, ठरलेलं एकूण भाडं, भरलेली रक्कम, बाकी रक्कम आणि सामानाची घोषित किंमत हवी. किंमत का? रस्ते वाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम यांनुसार जास्तीची जोखीम लेखी ठरलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते, आणि तीही घोषित किमतीच्या आतच. कोऱ्या रकान्याचा फायदा कोणाला होतो ते उघड आहे. ट्रकचा क्रमांक एम-परिवहन अॅपवर टाकला की फिटनेस, विमा, परमिटची मुदत दिसते. पिकअप जर फक्त गोडाऊनपर्यंत जाणार असेल तर ते गोडाऊन कुठे आणि पुढची गाडी कोणती, तेही लिहून घ्या. कागद पुरा होईपर्यंत एकही खोका खाली नेऊ देऊ नका. गाडी भरण्याआधी तुम्ही दहा जणांना फोन करू शकता. भरल्यानंतर फक्त त्यांचा फोन उचलू शकता.

विम्याचं प्रकरण वेगळंच आहे. घोषित चार लाखांवर तीन टक्के म्हणजे १२,००० रुपये कोटेशनमध्ये धरले होते. पावतीवर शब्द होता ‘रिस्क कव्हरेज’. हा विमा नव्हे. विमा असेल तर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी किंवा सर्टिफिकेट क्रमांक आणि तुमचं नाव असलेला कागद गाडी निघण्याआधी मिळतो. तो क्रमांक विमा कंपनीच्याच हेल्पलाइनवर तपासा. त्यातही कलम पाहा. इनलँड ट्रान्झिट (देशांतर्गत वाहतूक) विम्याच्या ‘ए’ कलमात बहुतेक सगळी जोखीम येते, ‘बी’ मध्ये आग, टक्कर, गाडी उलटणं अशा ठरावीक गोष्टीच. चोरी किंवा हाताळताना झालेली फूट ‘बी’ मध्ये बसत नाही. बाहेरून ओरखडा नसताना आतून बिघडलेलं यंत्र बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं. म्हणूनच फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या मागचे ड्रम रोखणारे ट्रान्झिट बोल्ट शोधून बसवून घ्या. ते नसताना हजार किलोमीटर धक्के खाल्ले की ड्रमचं सस्पेन्शन जातं आणि भरपाई कोणी देत नाही.

हॅचबॅकबद्दल वचन होतं बंद कार कॅरियर ट्रेलरचं. तिसऱ्या दिवशी मालकाच्या फोनवर फास्टॅगमधून टोल कापल्याचे मेसेज येऊ लागले, एकामागोमाग एक, गुजरातेतले. म्हणजे गाडी ट्रेलरवर नव्हतीच, कोणीतरी ती चालवत नेत होता. ट्रेलरचं भाडं घ्यायचं आणि रोजंदारीचा ड्रायव्हर बसवून गाडी पाठवायची, हा यातला ठरलेला प्रकार. वाटेत अपघात झाला तर पोलिस आधी मालकाला शोधतात, ई-चलनही मालकाच्याच नावावर येतं. त्यामुळे गाडी देताना ओडोमीटरचा फोटो तारखेसह काढा आणि तो आकडा बिल्टीवर लिहून घ्या. चारी बाजू, छत, स्टेपनी, टूलकिट, म्युझिक सिस्टिम यांचा व्हिडिओ घ्या. टाकीत चार-पाच लिटरच इंधन ठेवा. फास्टॅग काढू नका, तोच तुमचा पहारेकरी. मूळ आरसी देऊ नका, आरसी, विमा आणि पीयूसीच्या प्रती पुरतात. ट्रेलरवर चढवल्याचा फोटो मागा, ज्यात ट्रेलरची नंबरप्लेट दिसते. ट्रेलरवरची गाडी चाकांवरून पट्टे टाकून बांधलेली असावी. साखळी अॅक्सलला अडकवली तर धक्क्यांनी खालचे भाग वाकतात.

पाचव्या दिवशी तो फोन आला. ‘सामान १,२०० किलो धरलं होतं, १,९०० भरलं. २८,००० जास्त. शिवाय बॉर्डर टॅक्स आणि ई-वे बिलाचे ६,५००. उशीर केलात तर रोजचा हॉल्टिंग १,५००.’ हॉल्टिंग म्हणजे माल थांबवून ठेवल्याचा आकार. सोबत वजनकाट्याच्या पावतीचा धूसर फोटो. मूळ कोटेशनमध्ये किलो हा शब्दच नव्हता.

यातला प्रत्येक शब्द खोटा कसा, ते पाहा. वापरलेल्या वैयक्तिक आणि घरगुती सामानाला ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) लागत नाही. जीएसटी नियम १३८ च्या जोडपत्रात ती सूट स्पष्ट आहे. ऑक्ट्रॉय (जकात) आणि राज्यांचा प्रवेश कर १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपला, विक्रीकराचे नाकेही उठले. गुजरातने तर आपले आरटीओ चेकपोस्ट २०१९ मध्ये बंद केले. ट्रकचा परमिट, टोल, रस्ता कर हा वाहतूकदाराचा खर्च असतो. राहिली काट्याची पावती. वजन खरं धरायचं तर एकाच गाडीच्या दोन पावत्या हव्यात, रिकामी आणि भरलेली, दोन्हींवर क्रमांक, तारीख आणि वेळ. त्यातही युक्त्या असतात: रिकामं वजन टाकी कोरडी असताना आणि भरलेलं टाकी फुल करून. १६० लिटर डिझेलचंच वजन १३० किलोंच्या वर जातं. त्यात कंटेनरमध्ये तीन घरांचं सामान असेल तर १,९०० किलोंतलं तुमचं किती, हे काटा सांगत नाही. म्हणून घरसामानाचा सौदा किलोवर करूच नका, घनफुटावर किंवा पूर्ण गाडीवर करा.

त्या कुटुंबाने पैसे भरले. नव्या शहरात मुलं जमिनीवर झोपलेली, शाळेची पुस्तकं आणि स्वयंपाकाची भांडी खोक्यांत. त्यांना दोष देता येत नाही. हॉल्टिंग ‘उपकार म्हणून’ माफ झालं. सामान उतरलं तेव्हा एक खोका कमी, टीव्हीचा पॅनल फुटलेला आणि ड्रायव्हर ‘माल बरोबर मिळाला’वर सही मागत होता.

अशी मागणी आली तर फोनवर वाद घालू नका, मेसेजवर या. ‘कोणत्या कोटेशनच्या कोणत्या अटीने ही रक्कम लागते आणि सामान आत्ता नेमकं कुठे आहे?’ एवढंच विचारा. उत्तरात ‘पैसे आले तरच माल’ असं लिहून आलं की तो पुरावा झाला. माल तिथल्या तिथे विकून टाकू ही धमकीही पोकळ असते; कायद्यानुसार नोटीस देऊन ३० दिवसांत कोणी सामान घेतलं नाही तरच ते बेवारस धरलं जातं. जवळच्या पोलिस ठाण्यात जा. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला आहे म्हणून परत पाठवता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, नोंद घ्यावी लागते. ‘हा दिवाणी वाद आहे’ हे उत्तर हमखास मिळेल. तेव्हा तक्रारीत लेखी लिहा की ठरलेली रक्कम द्यायला आम्ही तयार आहोत, तरीही ताब्यात दिलेली मालमत्ता अडवून जादा पैसे मागितले जात आहेत. भारतीय न्याय संहितेतलं ३१६ (विश्वासघात, त्यात वाहतूकदारासाठी पोटकलम ३), ३१८ (फसवणूक) आणि ३०८ (खंडणी) ही कलमं नमूद करा. ठाण्याने नकार दिला तर तीच तक्रार पोलिस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. यूपीआयने पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येण्याची शक्यता असते.

उतरवताना खोके क्रमांकाने मोजा, फुटलेलं असेल ते ड्रायव्हरसमोर उघडा आणि त्याच्याकडच्या प्रतीवर लिहा: ‘खोका क्र. १७ मिळाला नाही, टीव्ही फुटलेला.’ मगच सही. निदान पाव हिस्सा रक्कम उतरवून झाल्यावर द्यायची, हे कोटेशनमध्येच ठरवून घ्या. जो याला तयार नाही, त्याला काम देऊ नका.

भरपाईसाठी वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत पोहोचायला हवी. बरेच दावे इथेच बुडतात, कारण लोक ‘बघतो, करतो’ या फोनवर महिने घालवतात. नोटीस स्पीड पोस्टाने बिल्टीवरच्या आणि जीएसटी नोंदणीतल्या, अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवा. बिल्टीवर ‘वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ छापलेलं असलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे नव्या शहरातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक अर्जात टाका.