योक्टोवर रॉस 2 ची इमेज: खरिपापासून तुरीपर्यंतचा अनुभव

योक्टो म्हणजे आपल्या बोर्डापुरतं लिनक्स सोर्सपासून बांधायचं साधन, रॉस 2 म्हणजे रोबोटचं सॉफ्टवेअर. दोन्ही मिळून एसडी कार्डावर टाकायची इमेज बनवतोय. परवा त्यातली आरसीएलसीपीपी (रॉसची सी++ लायब्ररी) कंपाइल होत असताना लाइन गेली. दारव्हा तालुक्यात राहतो, यात नवल नाही. लाइन आल्यावर बिटबेक (योक्टोत बांधणी करणारा प्रोग्राम) पुन्हा लावला. झालेल्या कामांना त्यानं हातही लावला नाही, अर्धवट राहिलेलं तेवढं नव्यानं केलं. खरिपात याच बिटबेकला शिव्या घालत होतो, म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय.

योक्टोची कर्कस्टोन आवृत्ती, मेटा-रॉसमधून (योक्टोसाठी रॉसच्या रेसिपींचा संच) रॉस 2 ची हंबल आवृत्ती, बोर्ड रास्पबेरी पाय 4. पऱ्हाटीच्या तासातून कॅमेरा घेऊन चालणारा छोटा गाडा आहे. उबंटू 22.04 वर हंबल तयार पॅकेजांतून बसतं, मग हा उपद्व्याप कशाला? एसडी कार्डासाठी. गाडा बंद करायचा म्हणजे आमच्याकडे बॅटरीची वायर उपसायची, वावरात शटडाऊन कमांड कोण देतो? फाइल सिस्टिम बिघडायची, की घ्या नवं कार्ड. योक्टोत इमेज फीचर्समध्ये रीड-ओन्ली रूटएफएस टाकलं की सिस्टिमच्या (रूट) पार्टिशनवर काही लिहिलंच जात नाही. रॉसचे लॉग मात्र होम फोल्डरात जायला बघतात आणि लाँच अडतं. लॉगची जागा ठरवणारं रॉस_लॉग_डीआयआर हे व्हेरिएबल टीएमपीकडे (तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरकडे) वळवा.

आता एक स्टार कापायचं कारण: गिट फेच, म्हणजे गिटवरून सोर्स उतरवणं. टारबॉल (सोर्सचं एका फाइलीतलं गाठोडं) अर्धा उतरला तर डब्ल्यूगेट हा डाउनलोडर तिथून पुढे घेतो. गिट क्लोन (अख्ख्या रिपॉझिटरीची नक्कल उतरवणं) तुटलं की पहिल्यापासून! रास्पबेरी पायचं लिनक्स कर्नल ही भलीमोठी रिपॉझिटरी, माझ्याकडे मोबाइलचा रोजचा डेटा पॅक, आणि लाइन जाऊन थोडा वेळ झाला की टॉवरही मान टाकतो. पॅक संपायचा, कर्नल तिथंच. घरच्यांचे पॅकही यात गेले, त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच. गावात बसून हे करणाऱ्यानं नादीच लागू नये, असं माझं पक्कं मत झालं होतं.

ते आता मागे घेतो, पण अर्धंच. यवतमाळला मित्राच्या खोलीवर वायफाय आहे. तिथं बीबी_जनरेट_मिरर_टारबॉल्स 1 ठेवून (गिटच्या रिपॉझिटरींचेही टारबॉल बनतात) फक्त फेच चालवलं आणि डाउनलोड फोल्डर हार्डडिस्कवर घेऊन आलो. घरी बीबी_नो_नेटवर्क 1, म्हणजे नेटला हातच लावायचा नाही. एसटीचं तिकीट डेटा पॅकांपेक्षा स्वस्त पडलं. पण ही सोय डॉक्युमेंटेशनच्या पहिल्या पानावर ठळक लिहायला योक्टोवाल्यांचं काय जात होतं?

बाकी थोडक्यात. आठ जीबी रॅम असेल तर पॅरलल_मेक (एकाच वेळी किती कंपाइल चालवायचे तो आकडा) दोनवर आणा, नाहीतर रॅम संपून कंपायलरच मारला जातो. आरएम_वर्क लावा, काम झालेल्या पॅकेजांच्या मधल्या फायली पुसल्या जातात. कर्कस्टोनसाठी योक्टोवाले 90 जीबी मोकळी डिस्क मागतात ते उगाच नाही.

कर्कस्टोनचा सपोर्ट एप्रिल 2026 पर्यंतचाच, त्यानंतरच्या स्कार्थगॅप आवृत्तीचा एप्रिल 2028 पर्यंत. म्हणजे स्कार्थगॅपवर जायचं आणि पुन्हा डाउनलोड. गिटचं जुनं फोल्डर कामी येतं, फक्त नवे कमिट (बदल) उतरतात. टारबॉल मात्र बहुतेक नवेच. मित्राला सांगून ठेवलंय, तूर निघाली की येतो म्हणून.