व्यवसायोपचाराला जाण्याआधी स्वयंसेवा: खान्देशातल्या चार ठिकाणांची पारख

व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजेच ‘ओटी’) म्हणजे आजार किंवा अपंगत्व असलं तरी रोजची कामं जमावीत म्हणून करायचा उपचार. स्वयंसेवेचे तास भरले की त्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश सोपा होतो, हा गैरसमज आधी दूर करू. महाराष्ट्रात बीओटीएच या व्यवसायोपचाराच्या पदवीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, स्वयंसेवेच्या तासांना तिथे एकही गुण नाही. तास मागतात ती परदेशातली काही महाविद्यालयं, विशेषतः अमेरिकेतली, आणि त्यांनाही नोंदणीकृत व्यवसायोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालचेच तास लागतात. मग इथल्या बारावीच्या मुलाने हे का करावं? पुढची कित्येक वर्षं ज्या कामात जायची, ते काम आधी जवळून बघावं म्हणून. त्यासाठी एकाच जागी शंभर तास बसण्यापेक्षा तीन-चार वेगळ्या जागी वीस-वीस तास बरे.

जिल्हा रुग्णालयात चौकशी करताना ‘ओटी’ म्हणू नका, शिपाई सरळ ऑपरेशन थिएटरकडे पाठवतो. ‘व्यवसायोपचार विभाग’ असं पूर्ण विचारा. लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं शीघ्र हस्तक्षेप केंद्र बघण्यासारखं आहे, पण तिथे व्यवसायोपचारतज्ज्ञ असेलच असं नाही, कित्येकदा फिजिओथेरपिस्टच असतो. दोन्ही कामं शेजारची असली तरी एक नाहीत, म्हणून पद कोणतं भरलंय ते आधी विचारून घ्या. सुरुवातीचे दिवस नोंदवहीत नावं लिहिण्यातच जातात. शिकायला मध्यम. तरी वाट बघत बसलेल्या आयांशी बोलायला मिळतं, ते मोलाचं.

सगळ्यात जास्त शिकवतात त्या विशेष शाळा. ‘पोरगं पेन्सिल नीट धरत नाही’ ही तिथली रोजची तक्रार, आणि नवखा स्वयंसेवक लगेच बोटांकडे बघतो. बघायचे असतात पाय. बाक उंच असला की पाय लोंबकळतात, कंबर घसरते, मूल एका हाताने बाक धरून तोल सांभाळतं. मग लिहिणाऱ्या हाताला आधार राहत नाही. पायाखाली जुन्या पुस्तकांचा घट्ट बांधलेला गठ्ठा ठेवा, टेबल कोपराच्या उंचीला आणा, आणि दहा मिनिटांनी तेच अक्षर पुन्हा बघा. एवढं एक निरीक्षण नीट लिहून ठेवलं तरी व्यवसायोपचार म्हणजे काय ते बऱ्यापैकी कळतं. इथे दोन चुका हमखास होतात. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसलेल्या) मुलाला प्रेमाने बिस्किट भरवलं जातं. गिळण्याचा त्रास असेल तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून शिक्षकांनी सांगितल्याशिवाय काहीही भरवू नका. दुसरी चूक म्हणजे दोन शनिवार येऊन गायब होणं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला नवा चेहरा ओळखीचा व्हायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. सलग सहा आठवडे जमत नसेल तर ही जागा घेऊ नका.

वृद्धाश्रमात लकवा झालेली माणसं भेटतात. सदरा घालताना लुळ्या हाताची बाही आधी, काढताना तो हात शेवटी, हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या. एका हाताने कळण्याची भाकरी मोडायची तर ताट सरकतं. ताटाखाली ओलं फडकं पसरलं की सरकत नाही. घास तुम्ही मोडून दिलात तर मात्र त्या माणसाचा सराव बुडाला. कुणाला एकट्याने उचलायला जाऊ नका, तुमची पाठ आणि त्यांचा खांदा दोन्ही दुखावतात.

चौथी जागा नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागातल्या घरभेटी. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई सोबत असतील तरच जा, कारण पावरी किंवा भिली बोली न येणाऱ्याला तिथे निम्मंच कळतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा खराब होऊ शकतो. मग उकिडवं बसणं अवघड होतं, आणि चूल, शौच, निंदणी सगळंच अडतं. दवाखान्यातल्या खाटेवर हे दिसत नाही. माणूस घरात कुठे अडतो ते घरातच समजतं, म्हणून कष्टाची असली तरी ही जागा सोडू नये.

मे महिन्यात जाणार असाल तर सकाळी आठ ते अकराची वेळ मागा. हाताला आधार देणारे थर्मोप्लास्टिकचे स्प्लिंट गरम पाण्यात मऊ करून बनवतात, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवले तर आकार बिघडतो. ने-आण तुमच्याकडे असेल तर ते पिशवीतून, सावलीतून न्या. अर्जासोबत महाविद्यालयाचं पत्र आणि वय अठराच्या आत असेल तर पालकांचं संमतीपत्र लावा. रुग्णांचे फोटो काढू नका, वहीत नावं लिहू नका. तारीख, तास, काय पाहिलं आणि देखरेख करणाऱ्याची सही, एवढं त्याच दिवशी भरून घ्या. महिन्यानंतर सही मागायला गेलं की ते माणूस बदलीवर गेलेलं असतं.