मॉन्युमेंट व्हॅली: आपली गाडी, जीप टूर की पायी?

अमेरिकेत ॲरिझोना-युटा बॉर्डरवरच्या, उंच लाल खडकांच्या मॉन्युमेंट व्हॅलीला एकच दिवस असेल आणि सोबत भारतातून आलेले आई-बाबा असतील तर मी सरळ सांगेन, जीप टूर घ्या.

आता आपल्या गाडीचं बघू. खाली व्हॅलीत 17 मैलांचा कच्चा लूप, म्हणजे फिरून परत येणारा रस्ता आहे, सगळी लाल माती आणि खड्डे, आणि सुरुवातीलाच चांगला उतार. हवं तिथे थांबता येतं, फोटो मनासारखे काढता येतात, दोन-तीन तास आरामात जातात. पण आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) आणि मोटरसायकल तिथे चालत नाहीत, आणि गाडी रेंटल असेल तर ॲग्रीमेंट नीट वाचा, कारण बरेचदा कच्च्या रस्त्यावरचं नुकसान कव्हरच होत नाही.

जीपला पैसे जास्त लागतात, धूळही खावी लागते (ओढणी किंवा रुमाल हवाच), तरी मला ती का पटते सांगते. लूपच्या पलीकडचा भाग नावाहो (इथले मूळ रहिवासी) गाइडशिवाय बघताच येत नाही. इअर ऑफ द विंड, सन्स आय, बिग होगन या खडकातल्या नैसर्गिक कमानी तिकडेच. बिग होगनमध्ये खडकाला पाठ टेकून वर बघायचं, छताच्या भोकाभोवती गरुडाचं डोकं दिसतं, आणि गाइडने तिथे गाणं म्हटलं तर आवाज असा घुमतो की कोणी बोलतच नाही. शिवाय पैसे तिथल्याच माणसांच्या हातात जातात, ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

चालणारे असाल तर वाइल्डकॅट ट्रेल, वेस्ट मिटन ब्यूट या सुट्या उभ्या खडकाला वळसा घालून परत, गाइड लागत नाही. पण वाळूत पाय रुततात, वाटेत पाणी नाही, आणि शेवटची चढण दमवते, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकरच. घोडेस्वारीही मिळते, मुलांना आवडेल, पण त्यासाठी जीप सोडू नका.

दोन गोष्टी बुकिंगआधीच लक्षात घ्या. हे 1958 पासून नावाहो नेशनचं, म्हणजे नावाहो लोकांच्या स्वतःच्या प्रशासनाचं पार्क आहे, त्यामुळे नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालत नाही. आणि उन्हाळ्यात नावाहो नेशनचं घड्याळ फिनिक्सच्या एक तास पुढे असतं, तेव्हा फिनिक्सहून येताय तर टूरची वेळ कुठल्या घड्याळाची ते विचारूनच निघा. दारू, ड्रोन घरीच ठेवा. व्हॅलीत अजून कुटुंबं राहतात, त्यांच्या घरांचे, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.