प्रोजेक्टसाठी पाण्याचा फिल्टर: नुसती वाळू की वाळू + कोळसा?

बाटली कापून उलटी केली, तोंडाला कापूस लावला, इथपर्यंत दोन्ही सेमच. पुढे नुसत्या वाळूवाल्यात कापसावर बारीक वाळू, मग जाड वाळू आणि वर खडी, बास. गढूळपणा मस्त जातो, फक्त वाळू आधी धुतलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची, नाहीतर फिल्टरच पाणी घाण करतो.

पण शाईचे दोन थेंब टाकून बघा, वाळूतून रंग जवळपास तसाच खाली येतो. कोळशाचा थर इथे जिंकतो, कारण अ‍ॅक्टिव्हेटेड (म्हणजे खास प्रक्रिया करून खूप बारीक छिद्रं पाडलेल्या) कोळशाच्या 1 ग्रॅममध्ये छिद्रांचं क्षेत्रफळ 500 चौरस मीटरच्या वर असतं आणि रंग, वास त्याला चिकटून बसतात. साधा कोळसा कुटून पण चालतो, थोडा कमी पडतो, आणि सुरुवातीचं काळं पाणी फेकून द्यायचं.

टेस्टिंगला ग्लासखाली छापील कागद ठेवून अक्षरं वाचता येतात का बघा. टीडीएस मीटरच्या (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राच्या) नादी लागू नका, विरघळलेलं मीठ दोन्हीतून आरामात पास होतं. जंतूंचंही तेच, त्यामुळे उकळल्याशिवाय पिऊ नका.

मी तर कोळसावालाच करेन, शाईचा डेमो बघून परीक्षक पण थांबतात.