16 इंची अलॉय, काही महिन्यांच्या वापरानंतर: चाकं चांगली, रिंगेने डोकं खाल्लं

गाडीचे 185/65 आर15 टायर (रुंदी 185 मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 15 इंची) काढून अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिमवर 195/55 आर16 बसवले. टायरचा व्यास 621.5 मिमीवरून 620.9 वर आला, म्हणजे स्पीडोमीटरला पत्ताही लागत नाही. 195/50 च्या फंदात पडू नका. तिथे व्यास तीन टक्क्यांहून जास्त घटतो, मीटर वेग फुगवून दाखवतो आणि गाडी सेंटीमीटरभर खाली बसते. वळणावर पकड सुधारली, स्टिअरिंग चटकन ऐकतं. दिसण्याबद्दल तर वादच नाही.

आता रिंगेकडे येऊ. गाडीच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा, व्यास 54.1 मिमी, अलॉयचं मधलं भोक 73.1. एकच रिम अनेक गाड्यांना चालावा म्हणून भोक मोठं ठेवतात आणि मधली जागा हब रिंगने भरतात. सेटसोबत आलेल्या रिंगा बाहेरून 72.6 भरल्या. अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई, तिने काय होणार? चाक पाव मिलिमीटर जरी सरकून बसलं, तरी टायरसह 17 किलोच्या चाकात ते रिमच्या कडेला सुमारे 20 ग्रॅम वजन चिकटवल्यासारखंच असतं. 80 ते 100 च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरायला एवढं पुरतं.

गंमत अशी की बॅलन्सिंग मशीन चाकाला शंकूच्या आकाराच्या तुकड्यावर बरोबर मधोमध धरतं, त्यामुळे तिथे शून्य-शून्य येतं. दुकानदार सांगतो, ‘बॅलन्सिंग परफेक्ट आहे, रस्ताच खराब.’ पहिलं वाक्य खरंही असतं! चाक काढून पुन्हा बसवल्यावर थरथर कमी-जास्त झाली, तर दोष बॅलन्सिंगचा नाही, बसवण्याचा. व्हर्नियरने (बारीक मापं घेण्याच्या साधनाने) हब, भोक आणि रिंग तिन्ही मोजून मगच रिंग मागवा. ती बोटांनी दाबून बसावी, खुळखुळता कामा नये.

रिंग अ‍ॅल्युमिनियमचीच हवी, असं सुरुवातीला माझं ठाम मत होतं. ओल्या हवेचे महिने गेल्यावर ते बदललं. अ‍ॅल्युमिनियम लोखंडी हबला गंजून असं चिकटतं की चाक निघता निघत नाही. भार रिंगेवर नसतोच, तो नटांच्या दाबामुळे रिम आणि हबमध्ये होणाऱ्या घर्षणावर असतो. रिंग फक्त चाक मधोमध धरते, आणि त्यासाठी अचूक मापाचं प्लास्टिक पुरतं. त्याचा एकच त्रास: पंक्चर काढताना रिंग निखळून जमिनीवर राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. चाक परत चढवण्याआधी आतून हात फिरवून बघाच.

बसवताना आधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. चाक हवेत असतानाच चारही नट हाताने लावून मग पान्याने समोरासमोर थोडे-थोडे आवळा, शेवटचा टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) गाडी जमिनीवर टेकवून द्या. आकडा मॅन्युअलमधला घ्या, छोट्या गाड्यांत तो साधारण 100 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. इम्पॅक्ट गनने (नट आवळायच्या यंत्राने) एकच नट आधी पूर्ण आवळला, की उत्तम रिंग असूनही चाक तिरकं बसतं. 50-100 किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा.

ऑफसेटचा, म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे त्याचा, हिशोबही आधीच करा. ‘ईटी’पुढचा आकडा हाच, आणि ‘जे’आधीचा आकडा म्हणजे रिमची इंचांतली रुंदी. 5.5जे, ईटी45 वरून 6.5जे, ईटी38 वर गेलात तर चाक बाहेर जवळपास 20 मिमी सरकतं, आत 6 मिमीच. म्हणून मागे चार माणसं कोंबल्यावर घासतं ते फेंडरच्या कडेला, सस्पेन्शनला नाही. ईटी42-45 मिळत असेल तर तेच घ्या.

कम्फर्ट घटला, हे मान्य. टायरची भिंत 120 वरून 107 मिमी झाली, त्यामुळे हवा कमी ठेवून खड्ड्यात गेलात तर रिमची आतली कड वाकते. लोड इंडेक्सही बघा, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा. मूळ 88 असेल (560 किलो) आणि नव्या टायरवर 87 असेल (545 किलो), तर 91 एक्सएलच (जादा भार पेलणारा) मागा. हलकं म्हणून अलॉय घेत असाल तर आधी वजनकाट्यावर ठेवा. मोठ्या मापाचा स्वस्त ओतीव रिम जुन्या लोखंडी चाकाहून हलका असेलच असं नाही.

आणि जुने नट फेकू नका. अलॉयच्या नटांची बैठक स्टेपनीच्या रिमला जुळेलच असं नाही. जुना संच पिशवीत घालून स्टेपनीच्याच खळग्यात ठेवा.